मुंबईतील घरटंचाई आणि नव्या घरांची वाढती किंमत : एक ऐतिहासिक आढावा (इ. स. १८९६ ते २०२५)

प्रस्तावना :

मुंबईतील घरांच्या टंचाईची कारणमीमांसा करताना बहुधा दोन कारणे सांगितली जातात. पहिले म्हणजे समुद्राने वेढलेली, मर्यादित भूमी आणि दुसरे म्हणजे रोजगाराच्या शोधात येणाऱ्या लोकांचा ओघ. ही दोन्ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. २००१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २० लाख होती, ती २०११ मध्ये सुमारे १ कोटी २४ लाख झाली. दहा वर्षांतील ही वाढ ४ टक्क्यांच्याही आत आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर याच काळात सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांपर्यंत घटली. तरीही याच दशकात घरांच्या किमती मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेल्या. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती आणि त्याच गणनेत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती. म्हणजेच लोकसंख्या आणि भूगोल यांच्या पलीकडे जाऊन या प्रश्नाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात हा शोध शहराच्या गृहनिर्माणविषयक कायद्यांच्या व संस्थांच्या इतिहासात घेतला आहे. १८९६ च्या प्लेगपासून प्रत्येक संकटाच्या वेळी शासनाने काही ना काही उपाय योजले. ते बहुतेक सद्हेतूने योजलेले होते आणि त्यांमुळे अनेकांना संरक्षणही मिळाले. परंतु त्या संरक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न दर वेळी अनुत्तरित राहिला आणि तो खर्च अखेर पुढे बांधल्या जाणाऱ्या घरावर येऊन पडला, असे या इतिहासावरून दिसून येते.

प्लेग आणि इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट :

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे ही रोगाची कारणे मानली गेली व १८९८ च्या कायद्यान्वये 'सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना झाली.

ट्रस्टचे कार्य दुहेरी होते. जुन्या शहरातील दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हा त्याचा एक भाग होता. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच निर्माण झाले. दुसरा भाग म्हणजे दादर, माटुंगा या उत्तरेकडील भागांत भूखंड आखून नवी वस्ती वसविणे आणि श्रमिकांसाठी चाळी बांधणे. ट्रस्टच्या परळ येथील चाळीतच डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहत होते. परंतु या दोन कामांचा वेग सारखा नव्हता. पाडण्याचे काम काही महिन्यांत होत असे, बांधण्यास मात्र वर्षे लागत. प्रारंभीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या गेल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत. विस्थापित कुटुंबे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नसल्याने शेजारच्याच वस्तीत शिरली. परिणामी तेथील दाटी आणि भाडे दोन्ही वाढले. आरोग्याच्या दृष्टीने शहराचा काही भाग सुधारला, पण घरांचा पुरवठा त्या प्रमाणात वाढला नाही. या घटनेतून पुढील शतकभर टिकलेली एक रीत दिसते. निकृष्ट घर नाहीसे करण्याची तरतूद कायद्यात होती. त्याऐवजी त्याच भाड्यात दुसरे घर कोठून यावे, याची तरतूद मात्र नव्हती.

बी. डी. डी. चाळींचा प्रयोग :

पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम जवळजवळ थांबले आणि गिरण्यांची भरभराट झाल्याने कामगारांची संख्या वाढली. भाडी भडकली. १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा युद्धकालीन उपाय म्हणून आला. त्यापाठोपाठ १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले. कामगारांसाठी एका खोलीचे ५०,००० गाळे बांधण्याचा संकल्प करण्यात आला. त्यासाठी कर्ज उभारण्यात आले व शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. ज्या उद्योगामुळे कामगार शहरात आले त्या उद्योगाने त्यांच्या निवासाचा काही भार उचलावा, हे तत्त्व येथे मान्य झाले होते, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे १६,५०० गाळे होते, म्हणजे संकल्पाचा एक-तृतीयांशच. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ वाढला आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास गिरणधंद्यात मंदी आली. याच खात्याच्या बॅकबे भरणी योजनेवर बॅ. के. एफ. नरिमन यांनी कठोर टीका केली. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बांधून तयार झालेल्या अनेक खोल्या, विशेषतः वरळी येथे, बराच काळ रिकाम्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीचे सवलतीचे भाडेही गिरणी कामगाराच्या मजुरीच्या मानाने जड होते. गरज आणि मागणी यांतील अंतर या रिकाम्या खोल्यांनी स्पष्ट केले. घराची गरज असणाऱ्याची ऐपत आणि घर बांधण्याचा किमान खर्च यांत जी दरी आहे ती कोणी तरी भरून काढावी लागते. १९२० च्या दशकात ती शासनाने कर्ज व कर यांतून भरण्याचा प्रयत्न केला. पुढे मात्र हा मार्ग क्रमाक्रमाने सोडून देण्यात आला.

भाडेनियंत्रण आणि भाड्याच्या घरांचा ऱ्हास :

१९१८ चा कायदा १९२० च्या दशकात संपुष्टात आला. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत दादर, माटुंगा, शिवाजी पार्क व मरीन ड्राइव्ह येथे मोठ्या प्रमाणात इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील बहुसंख्य इमारती भाड्याने देण्यासाठीच बांधल्या होत्या. याचे श्रेय केवळ नियंत्रण उठण्यास देता येणार नाही. ट्रस्टने आखून ठेवलेले भूखंड आणि सिमेंट काँक्रीटचा प्रसार हीदेखील त्याची कारणे होत. तरीही भाड्याचे घर बांधणे हा त्या काळी भांडवल गुंतविण्याचा एक प्रतिष्ठित व सुरक्षित मार्ग होता, हे निर्विवाद आहे.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. १९३९ व १९४४ च्या कायद्यांनंतर १९४७ चा 'मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम' आला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सर्वसाधारणपणे 'प्रमाणित भाडे' ठरले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना भाडेकरूला संरक्षण देणे अपरिहार्य होते. त्या कायद्याने हजारो कामगार व कारकून कुटुंबांना शहरात टिकून राहता आले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य नाकारता येत नाही. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळत पाच दशके टिकला. महागाई वाढत गेली, भाडे मात्र गोठलेले राहिले.

याचे परिणाम तीन दिशांनी झाले. पहिला, भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, त्यामुळे मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून उपकर लावावा लागला. त्या वेळी शहरातील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. दुसरा, गोठलेल्या भाड्याचा खरा मोबदला 'पागडी'च्या रूपाने कायद्याबाहेर गेला. ज्याच्याकडे पागडीची रक्कम नव्हती त्याच्यासाठी स्वस्त भाड्याची खोली असून नसल्यासारखीच होती. तिसरा व सर्वांत दूरगामी परिणाम म्हणजे भाड्याने देण्यासाठी नवीन घर बांधणे जवळजवळ थांबले. खाजगी भांडवल मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळले. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम व १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम यांनी त्याला कायदेशीर चौकट दिली. 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने घर देण्याची पळवाट काही काळ खुली होती, पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी कब्जात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर अनेक मालकांनी घर कुलूपबंद ठेवणे अधिक सुरक्षित मानले.

१९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणित भाड्याच्या गोठवणुकीच्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्याचे मत नोंदविले. त्यानंतर आलेल्या आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य केली. तथापि मूळ भाडेच इतके अल्प होते की या वाढीने इमारतीच्या देखभालीचा प्रश्न सुटण्याजोगा नव्हता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. स्वस्त भाड्याची किंमत काही वेळा भाडेकरूंनीच आपल्या प्राणांनी चुकविली आहे, याची ही नोंद आहे.

जमिनीवरील कमाल मर्यादा आणि चटई क्षेत्र :

भाड्याचे घर मागे पडल्यावर नव्या कुटुंबापुढे विकतचे घर हाच मार्ग उरला. त्याची किंमत जमिनीवर अवलंबून होती. १९७६ च्या नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियमाने मुंबईत रिकाम्या जमिनीची कमाल मर्यादा ५०० चौरस मीटर ठरविली. अतिरिक्त जमीन शासनाने घेऊन दुर्बल घटकांसाठी घरे बांधावीत, असा त्यामागील हेतू होता. परंतु घोषित झालेल्या अतिरिक्त जमिनीच्या मानाने प्रत्यक्ष ताब्यात आलेली जमीन फारच थोडी होती. बरीच जमीन न्यायालयीन वादांत अडकली आणि सूट देण्याच्या कलमांमुळे मंत्रालयातील परवानगी हीच एक मौल्यवान वस्तू बनली. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने ते निरसन नोव्हेंबर २००७ मध्ये स्वीकारले. जमिनीचे न्याय्य वाटप करण्यासाठी आलेला कायदा तीस वर्षे जमीन बाजारातून अडवून धरण्यास कारणीभूत ठरला.

दुसरी मर्यादा चटई क्षेत्र निर्देशांकाची होती. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा हा निर्देशांक १९६४ च्या विकास आराखड्यापासून मुंबईत आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो शहरात १.३३ व उपनगरांत १ असा ठरला. पाणी, मलनिःसारण व रेल्वे यांवरील ताण मर्यादित ठेवावा आणि वाढ नवी मुंबईकडे वळवावी, ही त्यामागील भूमिका तर्कसंगत होती. मात्र गिरगाव, काळबादेवी येथील जुन्या इमारतींचे बांधकाम आधीच या मर्यादेहून अधिक होते. अशी इमारत पाडून नियमानुसार नवी बांधावयाची म्हटल्यास राहत्या भाडेकरूंनाही पुरेशी जागा मिळाली नसती. म्हणून विनियम ३३ अन्वये उपकरप्राप्त इमारती, झोपडपट्ट्या इत्यादींसाठी वाढीव निर्देशांकाचे अपवाद करण्यात आले. हळूहळू अपवाद हाच नियम झाला.

पुढे याला आणखी एक परिमाण लाभले. मूळ निर्देशांक कमी ठेवावयाचा आणि त्यावरील बांधकामाचा हक्क अधिमूल्य घेऊन विकावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. २०१२ पासून ३५ टक्के अतिरिक्त क्षेत्र अधिमूल्य भरून उपलब्ध झाले आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमावलीने हीच पद्धत पुढे नेली. अशा रीतीने गर्दी रोखण्यासाठी आलेली मर्यादा महसुलाचे साधन बनली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने मंदावलेल्या बांधकामास चालना देण्यासाठी वर्षअखेरपर्यंत अधिमूल्यात ५० टक्के सवलत दिली आणि त्या बदल्यात ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे अशी अट घातली. अधिमूल्याचा भार घराच्या किमतीत उतरतो, याची ही एक प्रकारे अधिकृत कबुलीच होती.

मोफत घर आणि विक्रीचे घर :

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची स्थापना झाली. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीधारकास २२५ चौरस फुटांचे घर मोफत द्यावयाचे आणि त्याचा खर्च विकासकाने त्याच जमिनीवर वा अन्यत्र मिळणाऱ्या वाढीव बांधकामाच्या विक्रीतून भागवावयाचा, अशी ही योजना होती. पुढे पात्रतेची तारीख व घराचा आकार दोन्ही वाढत गेले. शासनाच्या तिजोरीवर भार न टाकता ४० लाख झोपडपट्टीवासीयांना घरे मिळतील, अशी ग्वाही त्या वेळी देण्यात आली होती. तीन दशकांनंतर हे उद्दिष्ट दूरच राहिले आहे.

याचे कारण योजनेच्या गणितातच आहे. उदाहरणादाखल, एका भूखंडावर १०० कुटुंबांना प्रत्येकी ३०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे असल्यास ३०,००० चौरस फुटांचे बांधकाम विनामूल्य करावे लागते. शिवाय बांधकाम चालू असताना त्या कुटुंबांचे भाडे वा संक्रमण शिबिराचा खर्च, विविध शुल्के, अधिमूल्य आणि विलंबाच्या प्रत्येक वर्षाचे व्याज. हा सर्व खर्च विक्रीच्या घरांतून वसूल व्हावयाचा असतो. साहजिकच विक्रीची घरे महाग असली तरच योजना चालते. १९९५ च्या सुमारास मुंबईतील किमती उच्चांकावर होत्या. त्यानंतर त्या घसरल्या आणि अनेक योजना रखडल्या. शासनाला १९९८ मध्ये 'शिवशाही पुनर्वसन प्रकल्प' ही कंपनी स्थापन करावी लागली. घरे स्वस्त झाली की गरिबांसाठीची घरे बांधणे थांबते, अशी ही विलक्षण रचना आहे. ती महागाईवर उपाय म्हणून आली खरी, परंतु तिचे अस्तित्व महागाईवरच अवलंबून आहे.

गिरण्यांच्या जमिनीबाबतही अपेक्षाभंग झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीतील विनियम ५८ नुसार या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक-तृतीयांश म्हाडास आणि उर्वरित मालकास मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित झाली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. शहराच्या मध्यभागी परवडणारी भाड्याची घरे बांधण्याची कदाचित शेवटची मोठी संधी अशा रीतीने संकुचित झाली.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मुंबईतील घरटंचाई केवळ नैसर्गिक नाही. भाडे, जमीन व बांधकामाचे क्षेत्र या तिन्हींवरील निर्बंधांनी पुरवठा दीर्घकाळ रोखून धरला. प्रत्येक निर्बंधामागे समर्थनीय हेतू होता, परंतु परिस्थिती बदलल्यावर त्यांचा फेरविचार फार उशिरा झाला.

२. भाड्याच्या घराचा ऱ्हास हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार भारतीय शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. अल्प उत्पन्न गटातील नवागतास विकतचे घर आणि झोपडी यांच्या दरम्यानचा पर्यायच उरला नाही. लाखो रिकामी घरे आणि लाखो झोपड्या एकाच शहरात असण्याचा उलगडा येथे होतो.

३. सामाजिक गृहनिर्माणाचा खर्च एकेकाळी कर व कर्ज यांतून, म्हणजे संपूर्ण समाजाकडून, भागविण्याचा प्रयत्न झाला. १९९० नंतर तो नव्या घराच्या खरेदीदारावर सोपविण्यात आला. नव्या घराच्या किमतीत जमीन व बांधकाम यांबरोबरच पुनर्वसन, अधिमूल्य, शुल्क आणि विलंब यांचाही वाटा आहे. हा भार न पेलणारा कनिष्ठ मध्यमवर्ग विरार, बदलापूर, पनवेलच्या दिशेने सरकला व त्याची किंमत तो रोजच्या प्रवासात मोजतो.

४. भाडेकरू, झोपडीधारक, जमीनमालक व विकासक यांच्या संघटना आहेत आणि मतेही आहेत. जो अद्याप शहरात आलेला नाही, ज्याने संसार थाटलेला नाही, अशा भावी रहिवाशाला मात्र धोरण ठरविताना प्रतिनिधी नसतो. राहत्या माणसाला न्याय देणे आवश्यकच आहे. तो न्याय येणाऱ्या माणसाच्या खर्चाने दिला जाऊ नये, एवढेच हा इतिहास सुचवितो.

वरळी येथील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या या कुटुंबांचा तो रास्त हक्क होता. परंतु १९२० च्या दशकात त्या खोल्या ज्यांच्यासाठी बांधल्या गेल्या तो शहरात नव्याने आलेला, हातावर पोट असलेला श्रमिक आजही मुंबईत येतच आहे. त्याला परवडेल असे भाडे ठरवून शंभर वर्षांपूर्वी चाळी बांधल्या गेल्या, त्या अपुऱ्या पडल्या आणि काही रिकाम्याही राहिल्या. आज त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या हिशेबात त्याच्यासाठी एकही खोली धरलेली नाही.